पाय पुरतात का? गाडीची सीट, आपल्या पायांची लांबी आणि आमगावचा रस्ता

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केले आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या, मग ऐका. आणि बाजूला घेताना डावा पाय कुठं टेकताय ते बघा. हे उगाच म्हणत नाही. आजचा सगळा एपिसोड त्या एका गोष्टीवर आहे.

विषय आहे सीट हाईट. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, सीसी विचारतो, ईएमआय विचारतो. कलरवर तर घरात दोन दिवस मीटिंग चालते. पण "माझे पाय पुरतील का?" हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. लाज वाटते. मलाही वाटायची. त्या लाजेची किंमत माझ्या आईच्या मनगटाने मोजली, म्हणून आज बोलतोय.

आधीच सांगतो, मी मिस्त्री नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, बीटेक केलंय, आयुष्य स्क्रीनसमोर चाललंय. जे सांगणार आहे ते टेप घेऊन मोजलेलं, मिस्त्रीला विचारलेलं आणि स्वतः पडून शिकलेलं आहे.

काय झालं होतं

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगावच्या पुढे. नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी ३५० सीसीची गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. गाडीचं वजन साधारण १९० किलो, सीट जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या थोडी वर. माझी उंची १६३ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट चार इंच.

शोरूममध्ये गाडी मेन स्टँडवर उभी होती. मी बसलो, मित्राने फोटो काढला, स्टेटस टाकलं, बुकिंग केलं. टेस्ट राईडला रस्ता सपाट, रिकामा. थांबलो तेव्हा दोन्ही पायांचे चवडे टेकत होते. टाचा हवेत. मनात म्हटलं, होईल सवय. आणि खरंच झाली. सहा महिने काही झालं नाही.

मग जुलै आला. आमच्याकडे जुलै म्हणजे रोवणी. बांध्यांत पाणी, रस्त्यावर चिखल, पऱ्ह्यांच्या जुड्या भरून ट्रॅक्टर इकडून तिकडे. मी सुट्टीवर आलो होतो. आईला दवाखान्यातून घेऊन आमगावहून गावाकडे निघालो होतो. आई मागे, साडी नेसलेली, दोन्ही पाय डावीकडे टाकून. आपल्याकडे साडीवाल्या बाया अशाच बसतात.

समोरून ट्रॅक्टर आला. रस्ता अरुंद. मी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि डावा पाय खाली टाकला. डांबर संपलं होतं. खाली साईडपट्टी होती, पावसाने खचलेली, डांबरापेक्षा चार बोटं खाली. पाय गेला, गेला, आणि जमीन काही येईना. जमीन लागली तोवर गाडी झुकली होती. आईचं वजनही डावीकडेच. धरून ठेवायचा प्रश्नच नव्हता.

वेग शून्य होता हो. गाडी उभी होती. उभ्या गाडीवरून आम्ही पडलो. मला खरचटलं. आईने हात टेकवला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या वर्षी घरची रोवणी मजूर लावून झाली.

दवाखान्यात आई काय म्हणाली माहितीये? ओरडली नाही. म्हणाली, "तुले पाय टेकत नव्हते, तं सांगाचं ना रे बापा."

सांगायचं होतं. पण कुणाला सांगणार? आणि का नाही सांगितलं, तेही बघू.

उंची आणि पाय, दोन वेगळी मापं

आपल्या जिल्ह्यात उंचीचा विषय नाजूक आहे, कारण पोलीस भरती. सकाळी मैदानावर पोरं-पोरी पळताना दिसतात. मुलांना १६५ सेंटिमीटर लागतात, मुलींना १५५. मीही एकदा मित्रांसोबत हौसेने गेलो होतो. दोन सेंटिमीटर कमी भरलो. तेव्हापासून कुणी उंची विचारली की मी एक इंच वाढवून सांगायचो. गाडी घेताना "पाय पुरत नाहीत" असं म्हणणं म्हणजे परत त्या पट्टीखाली उभं राहणं.

पण गंमत अशी की मोटारसायकलला तुमची उंची माहीतच नसते. तिला कळतो फक्त पाय. जांघेपासून तळव्यापर्यंतची आतली लांबी. टेलर पँटचं माप घेताना आतल्या बाजूने टेप लावतो ना, तसंच. याला इनसीम म्हणतात. अगदी सारख्या उंचीच्या दोन पोरांमध्ये यात चार-पाच सेंटिमीटरचा फरक असू शकतो. एकाचं धड लांब, दुसऱ्याचे पाय लांब. म्हणून "माझी हाईट पाच-सहा आहे, ही गाडी चालेल का?" हा प्रश्नच अर्धवट आहे.

माप घरी घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये आडवं धरून वर दाबा, सीटवर बसल्यावर दाब येतो तेवढं. पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंत टेप लावा. ढोबळ हिशोब सांगायचा तर हे माप उंचीच्या साधारण ४५ टक्के येतं, पण ढोबळावर जाऊ नका, मोजा. माझं आलं ७३ सेंटिमीटर.

आता हिशोब

प्लास्टर असताना आई खाटेवर बसून बघत होती आणि मी अंगणात गाडीला टेप लावत होतो. हिशोब सांगतो, सोपा आहे.

सीट ८०.३ सेंटिमीटर. पण हा आकडा रिकाम्या गाडीचा. आपण बसलो की शॉकअप दबतात आणि सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली येते. माझ्या गाडीची अडीच आली. म्हणजे सीट झाली ७७.८.

आता माझा पाय. ७३. त्यात बुटाचा तळवा अडीच, झाले ७५.५. पण पाय सरळ खाली जातच नाही. मध्ये सीट आहे, साईड पॅनल आहे, फूटरेस्ट आहे. पाय फाकून बाहेरून खाली न्यावा लागतो. माझा पाय गाडीच्या मध्यरेषेपासून साधारण २५ सेंटिमीटर बाहेर पडत होता. इथे दहावीचा पायथागोरस कामाला येतो. तिरका ७३ चा पाय २५ बाहेर गेला की उभ्या मापात उरतो ६८.६. साडेचार सेंटिमीटर फाकण्यातच गेले. बूट धरून ७१.१.

हवेत ७७.८, आपण ७१.१. साडेसहा सेंटिमीटरचा खड्डा. तो मी कसा भरत होतो? टाच उचलून. चवड्यावर उभं राहिलं की आठ-नऊ सेंटिमीटर मिळतात. म्हणजे सपाट डांबरावर माझ्या हातात जेमतेम दोन सेंटिमीटर शिल्लक होते. आणि साईडपट्टी चार बोटं, आठेक सेंटिमीटर खाली होती.

झालं. अपघाताचं कारण वहीच्या अर्ध्या पानावर मावलं. त्यात नशीब नव्हतं, चिखलसुद्धा नंतर येतो. दोनातून आठ जात नाहीत, एवढंच.

आणखी एक हिशोब करून बघा, कारण "मी धरून ठेवतो" असं सगळ्यांना वाटतं. गाडीचा वजनाचा मध्य हँडलच्या निम्म्या उंचीवर आहे असं धरा. १९० किलोची गाडी ५ अंश झुकली तर हँडलपाशी धरून ठेवायला साधारण आठ किलोचा जोर लागतो. एका हाताची पिशवी. तीच २० अंश झुकली की ३२ किलो. आणि हे एकट्या गाडीचं, मागे माणूस नसताना. म्हणून गाडी झुकायच्या आधीच थांबवावी लागते. ज्याचा पाय आधी टेकतो, त्याच्यावर आठ किलोची वेळ येते. ज्याचा उशिरा टेकतो, त्याच्यावर बत्तीस किलोची. ताकद दोघांची सारखी असली तरी.

आता डावी बाजूच का? आपल्याकडे मागचा ब्रेक उजव्या पायात. थांबताना उजवा पाय ब्रेकवर, म्हणून डावा खाली. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी जायला. साईडपट्टी डावीकडे. आणि साडीवाली माणसं डावीकडे तोंड करून बसतात. म्हणजे जमीन डावीकडे सगळ्यात खाली, वजन डावीकडे सगळ्यात जास्त, आणि आपला पायही तिथेच टेकणार. मागे बसणाऱ्यासाठी हँडग्रिप, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं गार्ड असलंच पाहिजे, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. साडी चाकात जाऊ नये याची काळजी नियमाने घेतलीये. चालवणाऱ्याचा पाय टेकतो का, ते आपल्यालाच बघायचंय.

मग बुटक्यांनी कोणती गाडी घ्यायची?

थोडे आकडे सांगतो. हिरो स्प्लेंडर प्लस, सीट ७८५ मिलिमीटर. रॉयल एन्फिल्ड हंटर ७९०, क्लासिक ३५० ची ८०५, मिटिऑर ७६५. बजाज अ‍ॅव्हेंजर २२० ची ७३७. दुसऱ्या टोकाला हिमालयन ४५० ची ८२५, सेटिंग बदललं तर ८४५. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरचं आधीचं मॉडेल, ८५५.

हे आकडे ऐकून कुणी म्हणेल, मग अ‍ॅव्हेंजर घ्या, विषय संपला. तसं नाही. सीट हवेत उगाच चढत नाही. खाली चाक, मग शॉकअपला दबायला जागा, मग इंजिन, त्यावर फ्रेम, त्यावर आपण. एक्सपल्ससारख्या गाडीच्या पोटाखाली २२० मिलिमीटर जागा असते, म्हणून ती दगडावरून जाते आणि म्हणूनच तिची सीट उंच. अ‍ॅव्हेंजर बुटकी, पण लांब. पावसाळ्यानंतर रपट्यावर जे दगड उघडे पडतात, तिथे लांब आणि बुटकी गाडी पोट घासते. गोंदिया शहरात किंवा कोहमारा-देवरीच्या हायवेवर काही प्रश्न नाही. सालेकसा-दरेकसाच्या जंगलातल्या आतल्या रस्त्यांवर प्रश्न आहे.

आणि आकड्यात रुंदी लपलेली असते. दोन गाड्यांची सीट ७९० असेल, पण एकीची पुढून निमुळती, दुसरीची पाटासारखी रुंद. निमुळतीवर पाय सरळ खाली जातो. रुंद सीटवर पायथागोरस तुमचे चार-पाच सेंटिमीटर खातो. वजनाचंही तसंच. ११२ किलोच्या स्प्लेंडरवर चवडे टेकले तरी निभतं. १९० किलोच्या गाडीवर तेच चवडे धोक्याचे.

आमच्या काकांची मुलगी, मी तिला ताई म्हणतो, सालेकसा तालुक्यात आरोग्य सेविका आहे. उंची पाच फूट, पायाचं माप ६९. तिला रोज आतल्या गावांत जावं लागतं. सगळे म्हणायचे, स्कुटी घे, बाईमाणसाला बरी. तिने घेतली होती. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १०. स्प्लेंडरचं १८. खड्डा तोच, पण छोटं चाक त्यात बुडतं आणि मोठं त्यावरून जातं. दोन पावसाळे तिने स्कूटरवर काढले, मग म्हणाली, मला मोटारसायकलच पाहिजे. घरचे म्हणाले, पाय कुठं पुरतात तुझे?

आम्ही मोजलं. सीट ७८.५. ती बसली की दोन सेंटिमीटर दबते, ७६.५. तिचा पाय, निमुळत्या सीटमुळे २० सेंटिमीटरच बाहेर जातो, उरतो ६६. जाड तळव्याचा बूट, ६८.५. फरक आठ. सीटवाल्याकडून अडीच सेंटिमीटर फोम उतरवून घेतला. फरक साडेपाच. म्हणजे दोन्ही चवडे टेकतात आणि टाच उचलायला अजून जागा शिल्लक. एका बाजूला जरा सरकून बसली तर डावा तळवा पूर्ण टेकतो. गाडी ११२ किलोची. आज तिसरा पावसाळा चालू आहे. तिच्या पीएचसीतल्या आणखी दोघींनी तिच्याकडून सीटवाल्याचा नंबर घेतलाय.

उंच लोकांनो, तुम्हीपण ऐका

हा फक्त बुटक्यांचा विषय नाही. माझा रूममेट सडक अर्जुनीकडचा, सहा फूट दीड इंच. त्याच्याकडे वडिलांची जुनी १०० सीसी. दोन तास चालवली की त्याचे टोंगळे दुखतात. कारण त्याच्यासाठी सीट आणि फूटरेस्टमधलं अंतर कमी पडतं. गुडघा नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडलेला राहतो, वळताना हँडलला लागतो. त्याला वाटायचं म्हातारपण आलं, वय सत्तावीस. सीटवर चार सेंटिमीटर कडक फोम चढवला आणि बसायची जागा जरा मागे घेतली. त्रास बराच कमी झाला.

म्हणजे मोजायची तीन ठिकाणं: सीट, फूटरेस्ट, हँडल. पाय जमिनीला टेकतो का हा थांबल्यावरचा प्रश्न. गुडघा किती दुमडतो आणि पाठ किती वाकते हा चालतानाचा प्रश्न. बुटक्याला पहिला सतावतो, उंचाला दुसरा.

काय करता येतं, स्वस्तापासून महागापर्यंत

एक, फुकटातलं: थांबायची पद्धत. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असा नियम नाही. थांबायच्या जरा आधी डावीकडे अर्धी मांडी सरका, उजवा पाय ब्रेकवरच ठेवा, डावा तळवा पूर्ण टेकवा. दोन चवड्यांपेक्षा एक पूर्ण तळवा कधीही बरा. आणि थांबायच्या आधी जागा निवडा. डांबर सोडू नका. समोरून ट्रॅक्टर आला तर आधीच, रुंद जागा बघून थांबा. मी तेव्हा हे केलं असतं तर हा एपिसोड नसता.

दोन: बूट. चप्पल घालून मोठी गाडी चालवणं बंद. जाड, न घसरणारा तळवा. दोन-तीन सेंटिमीटर तिथेच मिळतात.

तीन: सीट. यात सगळ्यात जास्त फायदा आहे आणि पैसे कमी. पण सीटवाल्याला नुसतं "खाली कर" म्हणू नका. "पुढून दोन्ही बाजूंनी निमुळती कर" असं सांगा. रुंदी कमी केली की फोम न काढताही पाय खाली जातो. माझ्या गाडीचा फोम अडीच उतरवला, कडा तासल्या, पाय २५ ऐवजी २० वर आला. बूटही बदलले. सगळं मिळून पाच सेंटिमीटर. साडेसहाचा खड्डा दीडवर आला. फोम तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका, खालची पाटी बुडाला लागते आणि लांबच्या प्रवासात कंबर जाते. रेक्झिनच्या खाली प्लॅस्टिक लावून घ्या, नाहीतर पावसात शिलाईतून पाणी जातं आणि फोम आठवडाभर ओला राहतो. जमलं तर मूळ सीट जपून ठेवा, दुसरी घेऊन तिच्यावर प्रयोग करा.

चार: मागचे शॉकअप. बऱ्याच गाड्यांना खाली खाचा असलेली रिंग असते, पाना लावून फिरवली की स्प्रिंग सैल किंवा घट्ट होते. सैल केली की गाडी थोडी बसते. मी केली. एकटा असताना छान वाटलं. मग मित्राला मागे बसवलं, आणि स्पीडब्रेकरवर शॉकअप खटकन आपटले. परत होती तिथे आणली. डबलसीट चालवत असाल तर इथे फार खेळू नका.

पाच, शेवटचं: छोटे शॉकअप किंवा लोअरिंग लिंक लावून गाडीच खाली आणणं. इंस्टाग्रामवर सोपं दिसतं. मागून गाडी खाली बसली की हेडलाईट वर बघतो, समोरच्याच्या डोळ्यांत. हँडल जड होतं. साईड स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्याने पडते, मग स्टँड कापावा लागतो. पोटाखालची जागा जाते ती वेगळीच. शिवाय आरसीवर जी गाडी लिहिली आहे तिच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं. सीटचा फोम वेगळा, चासी-चाकांशी खेळणं वेगळं. एवढं सगळं करावं लागत असेल तर ती गाडी आपल्या मापाची नाही. हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

आणि नवीन घेणार असाल तर शोरूममध्ये चार गोष्टी करा. रोजचे बूट घालून जा. मेन स्टँडवरून गाडी खाली उतरवायला सांगा, स्टँडवर बसून काही कळत नाही. सीटवर बसून पायांनी गाडी दोन फूट मागे ढकलून बघा. नाही ढकलता आली, तर बाजारात पार्किंगमधून रोज काढणार कशी? आणि मागे कुणाला तरी बसवून, उतारावर थांबून बघा. सेल्समन हसला तर हसू द्या. ईएमआय तो भरणार नाहीये.

शेवटचं

आपण दुकानातून आठशे रुपयांची पँट आणतो आणि लांबी जास्त झाली तर त्याच दिवशी टेलरकडे देतो. टेलरकडे कुणी म्हणत नाही की माझेच पाय चुकले. मग दोन लाखांची गाडी पायाला बसली नाही, की आपण आपल्यालाच का कमी समजतो? गाडी सगळ्यांसाठी एकाच मापात निघते. ती आपल्याला बसवून घेणं हे आपलं काम आहे. त्यासाठी आधी "मला पुरत नाही" हे तोंडाने म्हणावं लागतं. मी ते सहा महिने म्हटलं नाही.

आईचं मनगट जुळलं. थंडीत अजून दुखतं, पोळ्या लाटताना जास्त. गाडीवर ती जवळपास वर्षभर बसली नाही. ऑटोने जायची, एसटीने जायची, मला काही बोलायची नाही. सीट करून घेतली, बूट घेतले, तिला सगळा हिशोब वहीत दाखवला. तिने बघितला आणि म्हणाली, "बरं." बसली मात्र नाही.

मागच्या दिवाळीत तिला आमगावच्या बाजारात जायचं होतं. मी अंगणात गाडी काढली, दोन्ही पाय टेकवून उभा राहिलो. ती पदर खोचून बाहेर आली, माझ्या तोंडाकडे नाही, खाली बघितलं. बुटांकडे. एकदा डावीकडे, मग गाडीला वळसा घालून उजवीकडे. मग बसली.

अजूनही प्रत्येक वेळी आधी पायांकडे बघते. बघू दे. मीपण आता थांबायच्या आधी तिथेच बघतो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमचं इनसीम, गाडीचं नाव आणि थांबल्यावर तळवा टेकतो का चवडा, एवढं व्हॉइस नोटवर पाठवा. उंची वाढवून सांगू नका, ती मी विचारलीच नाहीये. पुढच्या भागात भेटू. गाडी सावकाश चालवा, आणि त्याहून सावकाश थांबवा.